डबीवर नाव कुणाचं

"मॅडम, दिवसभर तसल्या डब्या बघून तुम्हाला जेवण कसं जातं हो?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारतात, आणि तोही नेमका वरण वाढत असताना. जेवण जातं. न जायला काय झालं? डब्यांचं काही वाटत नाही. पण डब्या आणणाऱ्या माणसांचे किस्से डोक्यात साचत जातात, आणि घास तोंडात असतानाच त्यातला एखादा आठवतो. मग ठसका लागतो. आता इतके साचलेत की कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय सुटका नाही. तर ऐका, आणि काही खात असाल तर ते आधी संपवून घ्या.

मी तेलगावात एका लहान दवाखान्यात लॅब सांभाळते. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि मी. आमच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी मनावर घेतलं की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची आतड्याच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची. त्याचे रस्ते दोन. एक, घरी डबी न्यायची, सकाळी शौचाला गेलं की काडीला लागेल एवढा नमुना त्यात घालायचा आणि आणून द्यायचा. डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात असलं तर मला कळतं. ही डबी दरवर्षी. दुसरा रस्ता अंबाजोगाईचा. तिथं जाऊन दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी. पोट धुऊन रिकामं करायचं, मग खालून कॅमेऱ्याची नळी घालून सगळं आतडं बघतात. साफ निघालं की बरीच वर्षं बघायला नको.

काउंटरवर आमचे मुनीरचाचा. साठी ओलांडलेली. आधी ट्रॅक्टरचे मेकॅनिक होते, गुडघे गेले म्हणून दवाखान्यात आले. केसपेपर तेच काढतात, डबी तेच देतात. आणि काउंटरसमोरच्या बाकावर बाबूराव. हे पेशंट नाहीत. चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज दहाच्या सुमाराला शेतातून येतात, चाचांबरोबर चहा पितात, येणाऱ्या प्रत्येकाला "काय झालंय?" असं विचारतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात.

या बाबूरावांचा थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याला शेवटपर्यंत अंबाजोगाईला नेणं-आणणं चाचांनी केलं होतं. डॉक्टर बाबूरावांना म्हणाले होते, "सख्खा भाऊ गेलाय. तुम्ही डबीच्या भानगडीत पडू नका, सरळ दुर्बीण करून या." बाबूरावांनी दोन्ही नाकारलं. गावाला डब्या वाटणाऱ्या चाचांना हेच एक शल्य होतं.

•

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एक काका दुपारी एकच्या ठोक्याला आले. हातात स्टीलचा चार कप्प्यांचा डबा, वरून स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. मी जेवायलाच बसत होते. मला वाटलं, घरचं काहीतरी आणलं असेल प्रेमानं. आमच्याकडे आणतात लोक, कधी हुरडा, कधी बोरं.

"ठेवा टेबलावर," मी म्हटलं.

त्यांनी ठेवला. माझ्या डब्याला खेटून.

"डॉक्टर म्हणले डबा घिऊन या. मी म्हणलं कमी नको पडायला. चार दिसाचं हाय, रोजचा येगळा कप्पा."

डॉक्टर म्हणाले होते डबी. काकांनी ऐकलं डबा, आणि काउंटरवरची डबी न घेताच घरी गेले. एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेजारच्या बाईनं विचारलंही होतं, पोराला शिकायला ठेवलंय का, त्याचा डबा का? काका म्हणाले, "न्हाई, डॉक्टरसायबाचा हाय."

त्या दिवशी मी जेवले नाही, हे मात्र कबूल करते.

•

मग गयाबाई. ऊसतोडीहून परत आल्या होत्या, त्यांना चाचांनी डबी दिली. चौथ्या दिवशी डबी परत आली. मी झाकण उघडलं तर आत काळंभोर.

आता काळी शौच म्हणजे आमच्याकडे धोक्याचा भोंगा. पोटात वरच्या बाजूला कुठंतरी रक्त जात असेल तर तसं होतं. मी पळत डॉक्टरांकडे. डॉक्टर चष्मा लावून बघतात, खिडकीत धरून बघतात. त्यांचा चेहरा पडला. गयाबाईंना आत बोलावलं, झोपवलं, पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या.

"चक्कर येते का? थकवा? काळं कधीपासून होतंय?"

"लई सालापासून," गयाबाई शांतपणे म्हणाल्या. "सासूनं लावली सवय."

तेव्हा मला वास आला. मिश्री होती. चांगली भाजलेली, वस्त्रगाळ. दवाखान्यानं मिश्री ठेवायला फुकट डबी दिली असं समजून बाईनं ती वापरायला काढली होती, आणि डबीचं झाकण किती घट्ट बसतं हे दाखवायला आणली होती.

"झाक लई झ्याक हाय," त्या जाताना म्हणाल्या. "सुनंला बी एक द्या."

•

नावाचा घोळ तर वेगळाच. डबीवर पट्टी असते, तिच्यावर पेशंटचं नाव लिहायचं. सोपं काम. पण आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, आणि नवऱ्याची डबी आणून देतात त्याच. नवरे कसले येतात.

"नाव सांगा, मावशी."

"हेंचं हाय."

"हेंचं म्हणजे कुणाचं?"

"अवो, हेंचंच की."

चाचांनी वैतागून पट्टीवर लिहिलं, 'हेंचं'. एकदा लिहिलं तर समजू शकते. त्या दिवशी माझ्यापुढं तीन डब्या आल्या, तिन्हींवर 'हेंचं'. मी तिन्ही घेऊन बाहेर गेले आणि चाचांना जे काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाकावरून बाबूराव म्हणाले, "बाई, येवढं तापू नका. तिघी बी बसल्यात अजून. नाव घ्यायला लावा की, उखाण्यात."

दोघींनी मान खाली घातली. तिसरी मात्र सत्तरीची, धीट निघाली. पदर नीट केला, उभी राहिली आणि भर दवाखान्यात म्हणाली, "उसाच्या मोळीला वाढ्याची गाठ, किसनरावांची डबी दिली, बघते रिपोर्टाची वाट."

बाकावरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. सलाईन लावलेला एक जण तर एका हाताने मांडी बडवत होता. किसनरावांचा रिपोर्ट नीट आला, हेही सांगून टाकते.

त्या दिवसापासून चाचांनी काउंटरवर पाटी लावली आणि वर तोंडानंही ओरडायला लागले, "नाव न्हाई तर तपासणी न्हाई. डबीवर जे नाव, तेच खरं." दिवसातून वीस वेळा. हे वाक्य पुढं त्यांच्याच गळ्यात पडणार होतं.

•

काही जण डबीच नको म्हणत. कदम गुरुजी त्यातले. "दरवर्षी चाचणी परीक्षा देत बसण्यापेक्षा एकदाच बोर्डाची दिलेली बरी," असं म्हणून त्यांनी सरळ दुर्बीण निवडली. निवड चांगली होती. वेळ चुकली.

दुर्बिणीच्या आधी पोट साफ करायचं औषध असतं, पाण्यात कालवून भरपूर प्यायचं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे चारला. गुरुजींनी पहाटेचं साडेसहाला घेतलं, कारण चारला उठून घरातल्यांची झोप मोडणं त्यांच्या शिस्तीत बसेना. आणि साडेसातच्या एस.टी.त बसले.

कारखान्याचा सीझन. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, बस तिच्या मागे मुंगीच्या पावलानं चाललेली. गुरुजी पहिल्यांदा उठले, कंडक्टरच्या कानात काहीतरी बोलले, बस थांबली, गुरुजी रस्त्याकडेच्या उसात. आले. बस निघाली. पुन्हा उठले. चौथ्या खेपेला गुरुजींना लाज वाटली. ते म्हणाले, "बाबा, मला इथंच सोडा. लोकांचा खोळंबा होतोय."

कंडक्टर गुरुजींचाच विद्यार्थी निघाला.

"बसा सर," तो म्हणाला. "चौथीत असताना मी तीनदा बोट वर केलतं, तुमी म्हणले गप बैस. मी वर्गातच केली. पर मी तसा न्हाई. तुमी कितींदा बी जा."

अख्खी बस थांबत थांबत गेली. कुणी कुरकुर केली नाही. गुरुजींचं आतडं साफ निघालं. डॉक्टर म्हणाले, इतकं स्वच्छ आतडं आम्ही क्वचित बघतो.

•

डबी का दुर्बीण, हे आमच्या डॉक्टरांपेक्षा चाचा चांगलं समजावतात. एका माणसाच्या डबीत रक्त आलं. तो म्हणाला, "दुर्बीण नको. अजून एक डबी द्या, पुन्हा बघू. दुसरी नीट आली तर मिटलं."

चाचांनी विचारलं, "ट्रॅक्टर हाय का?"

"हाय."

"ऑइल कशानं बघतूस?"

"काडीनं."

"काडीला ऑइलच्या जागी पाणी लागलं, तर काय करतूस? काडी पुसून पुन्हा घालतूस? दुसऱ्या बारीला काडी कोरडी आली तर इंजिन दुरुस्त झालं का?"

"न्हाई. इंजिन खोलावं लागतंय."

"मंग डबी म्हणजे काडी, अन् दुर्बीण म्हणजे खोलून बघणं. जा आता अंबाजोगाईला. अन् हे बघ, खोललं म्हणजे इंजिन गेलंच असं न्हाई. कधी नुसतं वायसर झिजलेलं निघतंय."

तो गेला. त्याची मूळव्याध निघाली. डॉक्टरांनी हे ऐकल्यापासून तेही पेशंटला आधी विचारतात, ट्रॅक्टर आहे का.

हे सगळं बाकावर बसून ऐकलं की बाबूराव मान डोलवायचे. पटलं असं वाटायचं. मग चाचा हळूच म्हणायचे, "बाबू, आता तू?" आणि बाबूरावांचं उत्तर तयार असायचं.

"दुर्बीण लांबचं बघायला असती बे. माझं पोट तर हितंच हाय."

सगळे हसायचे. चाचा हसायचे नाहीत. एकदा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, त्याच्या भावाला मी उचलून गाडीत घालायचो. शेवटी शेवटी वजनच लागायचं न्हाई हाताला." आणि केसपेपर काढायला लागले. मला त्या दिवशी बाबूरावांचा एवढा राग आला की मी त्यांच्या चहात साखर घालू दिली नाही.

•

मागच्या हिवाळ्यात एक डबी आली. पट्टीवर नाव, 'शेख मुनीर'. चाचांची वर्षाची डबी चार महिन्यांपूर्वीच झाली होती आणि साफ होती, म्हणून मला नवल वाटलं. पण म्हटलं, असेल शंका, बघू. तपासली. एका रेघेऐवजी दोन रेघा उमटल्या. रक्त होतं.

या माणसानं माझ्या बाळंतपणात मला शेवटच्या दिवसापर्यंत डबा पोचवला होता, जेवणाचा डबा. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "चाचा, जरा आत या."

रिपोर्ट ऐकला आणि ते पेशंटच्या स्टुलावर बसले.

"बेटी, ती माझी न्हाई."

"सगळे हेच म्हणतात," मी चिडले. "तुम्हीच लोकांना सांगता ना, काडीला पाणी लागलं की..."

"खरंच माझी न्हाई. बाबूची हाय."

मग सगळं बाहेर आलं. चाचांनी बाबूरावांना खोटंच सांगितलं होतं की माझी डबी खराब आली, डॉक्टर दुर्बिणीला पाठवायलेत, मला लई डर लागतंय. तू तुझी दे, तुझं पोट चांगलं हाय, मी माझं नाव लावतो, रिपोर्ट नीट येईल अन् मी सुटतो. जो माणूस स्वतःसाठी डबीला हात लावत नव्हता, त्यानं अर्धा कप चहा संपेस्तोवर विचार केला आणि म्हणाला, "आण. दोस्तीत काय बी देतो."

"मला वाटलतं, साफ येईल," चाचा म्हणाले. "माझ्या जिवाला बरं वाटलं असतं, बस्स येवढंच."

डॉक्टरांनी चाचांना असं झापलं की बाहेरचे पेशंट गप्प झाले. आणि झापता झापताच अंबाजोगाईला फोन लावला.

•

बाबूरावांना डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, काही न लपवता. चाचांनी काय केलं ते, डबीत रक्त आलं ते, आणि रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही पण आता दुर्बीण टाळून चालणार नाही, तेही.

बाबूरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. डबी मागितली. पट्टी वाचली.

"शेख मुनीर," ते म्हणाले. "नाव तर ह्याचं हाय."

"नाव माझं हाय रे, पर माल तुझा हाय," चाचा म्हणाले.

"डबीवर जे नाव तेच खरं. इतकी सालं कोण ओरडायलंय हितं?"

डॉक्टरांनी समजावलं. मी समजावलं. मी तर हात जोडले, आणि मी सहसा जोडत नाही. बाबूराव ढिम्म. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं की मुनीर घाबरलाय, आणि त्याचं मन राखायला डॉक्टर ही डबी माझी म्हणायलेत. "रक्त ह्याच्या नावावर निघालं, दुर्बीण ह्याला घाला," म्हणून ते उठायला लागले.

तेव्हा चाचा म्हणाले, "ठीक हाय. मी घालतो. पर एकटा जाणार न्हाई. तू बी घाल, माझ्या बराबर."

"मला कावून?"

"मला डर लागतंय म्हणून."

ते खोटं नव्हतं. फक्त भीती कशाची होती ते बाबूरावांना कळलं नाही.

"गाडी कितीची हाय?" त्यांनी विचारलं.

ते गेल्यावर डॉक्टर चाचांना म्हणाले, "तुमची डबी साफ आहे. तुम्हाला दुर्बिणीची गरज नाही."

"मला न्हाई साहेब," चाचा म्हणाले. "त्याला हाय."

•

पोट धुवायचं औषध दोघांनी बाबूरावांच्या घरी घेतलं, संध्याकाळी, ओसरीवर समोरासमोर बसून, एकमेकांना "संपव बे" म्हणत. घरात संडास एक. पुढचं बाबूरावांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, मला सांगितलं. "बाई, पन्नास सालाची दोस्ती दाराच्या कडीपाशी तुटायची येळ आलती. ह्यो आतून म्हणतोय थांब, त्यो भाईरून म्हणतोय निघ."

अंबाजोगाईला दोघांना मागून उघडे असलेले हिरवे झगे दिले. चाचा सांगतात, बाबूरावांनी तिथल्या डॉक्टरांना आत शिरताच बजावलं, "आजारी ह्यो हाय. ह्याला नीट बघा. मी निस्ता सोबत आलोय."

चाचांची दुर्बीण आधी झाली, साफ. बाबूरावांची झाली तेव्हा चाचा भुलीतून नुकतेच जागे झाले होते. त्यांना कळलं की बाबूरावांच्या आतड्यात एक गाठ होती, अंगठ्याच्या पेराएवढी. दुर्बिणीतूनच काढली होती आणि तपासायला पाठवली होती.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ते दिवस चाचा काउंटरवर होते आणि नव्हते. एका पेशंटच्या केसपेपरवर त्यांनी नावाच्या जागी 'बाबू' लिहिलं. मी ते खोडून पेशंटचं नाव लिहिलं. बाबूराव मात्र रोज दहाला येऊन बसत होते. चहा घेत होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "काय झालंय?" असं विचारत होते.

रिपोर्ट आला तेव्हा दोघं बाकावरच होते. डॉक्टर कागद घेऊन स्वतः बाहेर आले.

"बाबूराव, कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पण त्या गाठीचा झाला असता. राहिली असती तर झाला असता. आता मुळासकट निघाली. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण, तेवढी चुकवायची नाही."

मला रडू फुटलं. मी भिंतीकडे तोंड केलं. बाबूरावांनी कागद हातात घेऊन वरचं नाव वाचलं. या खेपेला नाव त्यांचंच होतं.

"थोरल्याची गाठ कुणी बघितलीच न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी शेजारी बघितलं. चाचा रुमालानं डोळे पुसत होते, हुंदका आवरत नव्हता त्यांना. बाबूरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रडतूस कावून बे?" ते म्हणाले. "बरं झालं माझ्यात निघाली. तुला झेपली नसती."